नाश्ता केला कुणी?

(वस्त्यांमध्ये बायकांसाठी इंग्रजीचे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं जमलेल्या बहुतेक जणी आपापल्या वस्तीत इंग्रजीचा वर्ग घेता. कुणाचा वर्ग समाजमंदिरात भरतो, कुणाचा बालवाडीच्या खोलीत, कुणाचा एखाद्या ताईच्या ओसरीवर. वेळ बहुधा दुपारची, कारण सकाळी पाणी आणि संध्याकाळी स्वयंपाक. मला विषय दिला आहे तो असा : दिनचर्या आणि स्वतःची काळजी यांबद्दल बोलायला लागणारे इंग्रजी शब्द बायकांना कसे शिकवावेत? मी इंग्रजीची शिक्षिका नाही. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि वस्तीपातळीवर काम करते. पण हे वर्ग गेली काही वर्षं जवळून पाहते आहे आणि त्यावरून माझं म्हणणं असं झालं आहे की, इंग्रजीच्या पुस्तकातला सर्वांत साधा वाटणारा हा धडा बाईच्या आयुष्याशी सर्वांत जास्त भिडणारा आहे. तो जसा छापलाय तसा शिकवला, तर बायका दुसऱ्याच कुणाचा तरी दिवस पाठ करतात. जरा उलटून-पालटून शिकवला, तर त्यांना स्वतःचा दिवस सांगता येतो.

आपल्यातल्या बहुतेकींना हा धडा पाठ असेल. ‘आय गेट अप ॲट सिक्स. आय ब्रश माय टीथ. आय हॅव अ बाथ. आय हॅव ब्रेकफास्ट ॲट एट. आय गो टू ऑफिस.’ महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपल्या वर्गातल्या बायकांना इंग्रजी भेटलं ते पाचवीत. त्यातल्या कितीतरी जणींची शाळा सातवीत सुटली. त्यांच्या वाट्याला जे दोन-तीन वर्षांचं इंग्रजी आलं, त्यात हा धडा होताच. आजच्या ‘इंग्रजी बोलायला शिका’ छापाच्या पुस्तकांतही तो आहे.

आता हा माणूस कोण आहे ते बघू. तो सहाला उठतो आणि आठला नाश्ता करतो. मधल्या दोन तासांत तो फक्त स्वतःचे दात घासतो, स्वतःची आंघोळ करतो, स्वतःचे केस विंचरतो. पाणी कुणी भरलं? आंघोळीचं पाणी कुणी काढलं? नाश्ता टेबलावर आला कुठून? या धड्यातलं सगळ्यांत लबाड क्रियापद आहे ‘हॅव’. हॅव टी, हॅव ब्रेकफास्ट, हॅव अ बाथ, हॅव लंच, हॅव अ रेस्ट. सगळं तयार आहे, त्यानं फक्त घ्यायचं आहे.

पण म्हणून इंग्रजीच्या नावानं बोटं मोडू नका. आपली मराठी काय करते तेही पाहा. घरातला पुरुष म्हणतो, ‘मी नाश्ता केला.’ म्हणजे त्यानं खाल्ला. त्याच घरातली बाई म्हणते, ‘मी नाश्ता केला.’ म्हणजे तिनं पोहे भिजवले, कांदा चिरला, फोडणी दिली आणि सगळ्यांना वाढलं. तिनं स्वतः खाल्ला की नाही ते त्या वाक्यातून कळत नाही. ‘जेवण केलं’ याचंही तेच. करणारी आणि खाणारा दोघांना आपण एकच क्रियापद देऊन मोकळे झालो आहोत. इंग्रजीत मात्र दोन वेगळी क्रियापदं लागतात. ‘मेक’ आणि ‘हॅव’. इंग्रजी शिकण्याचा इथं खरा फायदा आहे. आय मेक ब्रेकफास्ट ॲट सेव्हन. दे हॅव ब्रेकफास्ट ॲट एट. आय हॅव ब्रेकफास्ट... आणि इथं वेळ घालायची आहे.

एका वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिलेलं पाहिलं. शेवटी रिकामी जागा होती. बायकांनी ती भरायची होती. एकीनं लिहिलं, ‘ॲट इलेव्हन’. एकीनं ‘ॲट ट्वेल्व्ह’. एका मावशींनी विचारलं, ‘नुसत्या चहाला ब्रेकफास्ट म्हणायचं का?’ आणि एकीनं हळूच विचारलं, ‘आय डोन्ट हॅव ब्रेकफास्ट, असं लिहिलं तर व्याकरणात चुकतं का?’ व्याकरणात काहीच चुकत नाही. पुढचा अर्धा तास त्या वर्गात इंग्रजी झालं नाही, खाण्यावर बोलणं झालं. सगळ्यांना वाढून उरलं तर खायचं, शिळी पोळी कुणी खायची, उपास किती. माझ्या मते तो अर्धा तास वाया गेलेला नव्हता.

ही युक्ती पुढे नेता येते. धड्यातली बहुतेक क्रियापदं दोन बाजूंनी वळतात, एकदा स्वतःकडे आणि एकदा दुसऱ्याकडे. ‘आय गेट ड्रेस्ड’ म्हणजे मी कपडे घालते. ‘आय गेट द चिल्ड्रन ड्रेस्ड’ म्हणजे मुलांना कपडे घालते. ‘आय वॉश माय फेस’ आणि ‘आय वॉश द क्लोद्ज’. ‘आय कोम माय हेअर’ आणि ‘आय कोम माय डॉटर्स हेअर’. फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढा. डावीकडे स्वतःसाठी, उजवीकडे दुसऱ्यासाठी. प्रत्येकीला आपला दिवस त्यात मांडायला सांगा. आधी मराठीत, आपल्या शब्दांत : सडा टाकणं, पाणी भरणं, डबे भरणं, धान्य निवडणं-पाखडणं, खरकटी काढणं, सासऱ्यांना औषध देणं. मग एकेकाला इंग्रजी शोधा. काहींना चटकन मिळेल, काहींना तीन-चार शब्द जोडावे लागतील. ‘पाणी भरणं’ या दोन शब्दांत रांग, हंडे, नळाची वेळ आणि भांडण एवढं सगळं असतं. ते ‘आय फेच वॉटर’मध्ये येणार नाही. बायकांना सांगा की, तुमच्याकडे शब्द कमी आहेत असं नाही, पुस्तक लिहिणाऱ्यानं पाणी भरलेलं नाही.

उजवी बाजू भरून वाहते आणि डावीकडे तीन-चार ओळी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. तरीही हे नुसतं आपल्या वर्गापुरतं आहे असं कुणी म्हणू नये म्हणून सरकारी आकडे सांगते. केंद्र सरकारनं २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. २०२४च्या पाहणीत, सहा वर्षांवरच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. आणि ‘करतात त्यांची’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण दिवसभरात घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत नाहीतच. याच पाहणीत ‘सेल्फ-केअर’ नावाचा एक रकाना आहे. त्यात झोप, जेवण, आंघोळ सगळं येतं. तिथं स्त्रियांची ७०६ मिनिटं आणि पुरुषांची ७१०. म्हणजे जवळजवळ बरोबरी! हा आकडा वाचून कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? तर तक्रार अशी की, मिनिटं मोजली म्हणजे झोप कशी झाली ते कळत नाही. तान्ह्या मुलासाठी तीनदा उठलेली झोप, वाढता वाढता उभ्यानं खाल्लेलं जेवण, दाराबाहेर मूल रडत असताना चार तांब्यांत उरकलेली आंघोळ, हीसुद्धा त्याच रकान्यात जमा होते. आपल्या वर्गातला फळा सरकारी रकान्यापेक्षा अधिक सांगू शकतो, तो इथं.

याला जोडून आणखी एक वाक्य. मुलांच्या निबंधात हमखास येणारं : ‘माय मदर इज अ हाउसवाइफ. शी डज नॉट वर्क.’ आईच मुलाकडून ते पाठ करून घेते. आपल्या चळवळीनं या ‘काम करत नाही’शी जुनं भांडण मांडलं आहे. १९९१च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या उद्योगातलं विनामोबदला कामही धरावं असे शब्द घातले गेले, त्यामागे स्त्रियांच्या कामाची नोंद व्हावी हा आग्रह होता. पण चूल आणि मूल त्याबाहेरच राहिलं. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बाईला भिकारी, कैदी यांच्या रांगेत ‘काम न करणारी’ म्हणून बसवलं, त्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयानंही ताशेरे ओढले. तेव्हा आपल्या वर्गात तरी ‘शी डज नॉट वर्क’ शिकवू नका. ‘शी वर्क्स ॲट होम’ शिकवा. आणि तृतीय पुरुषी एकवचनाच्या ‘एस’चा सराव घ्यायचाच असेल, तर ‘मदर कुक्स’ऐवजी ‘ही कुक्स, ही वॉशेस द डिशेस’ घ्या. बायका हसतील, पण तो ‘एस’ विसरणार नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले गेले. पाठ्यपुस्तक मंडळाला जे जमलं, ते आपल्याला अवघड नाही.

आता स्वतःच्या काळजीच्या शब्दांकडे येते. पुस्तकात या भागात साबण, कंगवा, टॉवेल, टूथपेस्ट असतात. पाळी नसते. अंगावरून पांढरं जाणं नसतं. गर्भाशय नसतं. कंबरदुखी नसते. बाईच्या शरीराला सोडून तिच्या काळजीचा धडा लिहिला जातो.

आपल्याकडे या गोष्टी आडून बोलायची रीत आहे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आहे’. गंमत बघा, यात इंग्रजी आधीच शिरलंय. शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा ‘एमसी आली’ म्हणते. मुली ‘पिरियड’ म्हणतात, भावासमोरही म्हणतात. परक्या भाषेतला शब्द असल्यामुळं त्याला लाज चिकटलेली नसते. ही सोय आहे, ती वापरावी. पण तेवढ्यावर थांबू नये. इंग्रजी शब्द हे नवं पांघरूण होऊन बसलं आणि ‘पाळी’ म्हणायला तोंड उघडेना, तर आपण काय मिळवलं? म्हणून वर्गात दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणायचे, आधी मराठी, मग इंग्रजी.

हे शब्द का लागतात? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्याच वर्षी राजस्थानातल्या खेड्यांतल्या ७५ बायकांनी मिळून तयार केलेलं ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक ‘काली फॉर विमेन’नं छापलं. ‘आपल्या शरीराचं आपल्या शब्दांत ज्ञान’ हे आपल्या चळवळीचं जुनं काम आहे. इंग्रजीचा वर्ग त्याचाच पुढचा भाग आहे, असं मी मानते.

दुखण्याचे मराठी शब्द आठवा. कळ येते, ठणकतं, आग होते, चमक भरते, कणकण वाटते, अंग मोडून येतं, पोटऱ्या वळतात. दवाखान्यात डॉक्टर मराठी बोलतात, पण केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. तिथं या सगळ्याचं एकच होतं : ‘पेन’. आपल्या बाईला ‘क्रॅम्प’, ‘थ्रॉबिंग’, ‘बर्निंग’ एवढे तीन शब्द जरी आले आणि ‘इट स्टार्टेड ऑन मंडे’ हे वाक्य आलं, तर तिचं दुखणं थोडं अधिक खरेपणानं कागदावर उतरेल.

गोळ्यांच्या पाकिटावरचंही इंग्रजी दिनचर्येचंच असतं. बिफोर फूड, आफ्टर फूड, ॲट बेडटाइम. चिठ्ठीवर ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत, ती डॉक्टरांच्या कुळाचाराची भाषा आहे. एका दुपारी दहा मिनिटांत शिकवून होतात. पण इथंही पुन्हा तोच प्रश्न आडवा येतो. ‘आफ्टर ब्रेकफास्ट’ लिहिलेली गोळी, जी बाई बारापर्यंत नुसत्या चहावर असते तिनं कधी घ्यायची? ती चहाबरोबर घेते. गोळी लोहाची असेल तर चहामुळं लोह नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि महाराष्ट्रात ५४ टक्के, रक्तक्षयी आढळल्या. गोळ्या वाटल्या गेल्या, पण त्या घ्यायची वेळ कुणाच्या दिवसावरून ठरवली होती? म्हणून बाईला हे वाक्य यायला हवं : ‘आय ईट फर्स्ट ॲट ट्वेल्व्ह. व्हेन शुड आय टेक धिस?’ आणि त्याहून महत्त्वाचं, माझ्या मते सगळ्या वर्गातलं सर्वांत उपयोगी इंग्रजी वाक्य : ‘प्लीज एक्स्प्लेन इन मराठी.’ हे वाक्य इंग्रजीत म्हटलं की समोरचा माणूस मान वर करून बघतो. मराठीत म्हटलं तर बघेलच असं नाही. हे बरोबर नाही, पण तसं आहे.

घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना आणखी थोडे शब्द लागतात : वीकली ऑफ, सिक लीव्ह, ओव्हरटाइम. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी ठराव केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास सुट्टी सांगितली आहे. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तोपर्यंत ‘आय विल नॉट कम ऑन संडे’ हे वाक्य न अडखळता म्हणायचा सराव करून घ्या. ‘सॉरी’नं सुरू न करता.

आता ‘सेल्फ-केअर’ या शब्दाविषयी. हल्ली तो जाहिरातीत सापडतो. क्रीम घ्या, फेशियल करा, स्वतःचे लाड करा. ज्या बाईला दुपारी पाठ टेकायला मिळत नाही तिला हा शब्द चेष्टा वाटतो. पण शब्दाचा इतिहास एवढा उथळ नाही. अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड हिनं कॅन्सरशी झगडत असताना याविषयी लिहिलं. ते पुस्तक १९८८ साली आलं. ज्यांनी मरावं किंवा निमूट राबावं अशीच समाजाची अपेक्षा आहे, त्यांनी स्वतःला जपणं हा लढ्याचा भाग आहे, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘जिवाला जप’ म्हणतो, पण ते दुसऱ्याला, निरोप देताना. उलट आपल्याकडे एक शब्दप्रयोग असा आहे की ज्याला इंग्रजीत प्रतिशब्द मिळत नाही : दुखणं ‘अंगावर काढणं’. वर्गात या दोन शब्दांना समोरासमोर ठेवा. अंगावर काय काय काढलं, ते बायकांना सांगू द्या. ताप काढला, बाळंतपण काढलं, मार काढला. मग विचारा, यातलं पुढच्या वेळी अंगावर काढायचं नाही असं काय आहे? त्याचं एक इंग्रजी वाक्य करा. ‘आय नीड रेस्ट.’ ‘आय नीड अ डॉक्टर.’ ‘स्टॉप.’

काही जणी म्हणतील, बायका येतात ते मुलांचा अभ्यास घेता यावा, शाळेच्या मीटिंगला मान खाली घालावी लागू नये, दुकानात नोकरी मिळावी म्हणून. त्यांना हे सगळं नको असलं तर? प्रश्न रास्त आहे. फॉर्म भरणं, मोबाइलवरचा मजकूर वाचणं, मुलांचं पुस्तक हे सगळं शिकवायलाच हवं. मी सांगते आहे त्याला जादा वेळ लागत नाही. धडा तोच, क्रियापदं तीच, फक्त कर्ता बदलायचा आहे. दुसरं कुणी म्हणेल, मराठीचं काय? सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’ छापलं, त्यात इंग्रजी शिका असं शूद्रातिशूद्रांना सांगणाऱ्या कविता आहेत, आणि त्या त्यांनी मराठीत लिहिल्या. दोन्ही भाषा हातात ठेवायला आपल्याला त्यांनीच शिकवलं.

एक शेवटची गोष्ट. मराठीत कर्ता गाळला तरी चालतं. ‘उठते, पाणी भरते, डबा करते, कामाला जाते.’ यात ‘मी’ कुठंच नाही, आणि वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीत तसं चालत नाही. प्रत्येक वाक्याला ‘आय’ लावावाच लागतो, आणि तोही मोठ्या लिपीत. आपल्या वर्गातल्या बायका सुरुवातीला तो गाळतात. तुम्ही त्यांना थांबवता, पुन्हा म्हणायला लावता. तसंच करत राहा. मात्र त्या ‘आय’पुढे कुणाचा दिवस येतो आहे, पुस्तकातल्या माणसाचा की तिचा स्वतःचा, तेवढं बघा. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीनं आपल्या वर्गातली दहा वाक्यं घेऊन यावं, बायकांनी स्वतः केलेली. आपण ती एकत्र करू आणि आपलं स्वतःचं पुस्तक काढू.